दुपार वजा करून इंदूर

मे महिन्यात इंदूरला चाललोय असं सांगितलं की समोरचा आधी तारीख विचारायचा आणि मग कपाळाला हात लावायचा. ‘तिथे काय ऊन खायला जाताय?’ हा धाकट्या दिरांचा प्रश्न त्यातल्या त्यात सौम्य होता. शेजारच्या काकूंनी तर सरळ महाबळेश्वरच्या एका ओळखीच्या बंगल्याचा पत्ताच पुढे केला. त्यांना कसं सांगणार, की मे महिन्यातल्या शनिवारी पसरणीच्या घाटात गाडी अडकली की थंड हवेचं ठिकाण घाटाच्या त्या टोकालाच राहतं आणि आपण बंद काचांमागे वेफर्स खात बसतो. उन्हाळ्यात सगळा महाराष्ट्र डोंगरावर चढतो, तेव्हा शहरं रिकामी असतात. हॉटेलवाले दर उतरवतात, रांगा नसतात. आणि मी शिक्षिका आहे. निकाल वाटून झाले की जून उजाडेपर्यंतचा वेळच तेवढा माझा. दिवाळीची सुट्टी फराळाची असते, नाताळची सहलीची आणि ती सहल मुलांची.

आम्ही चौघी पुण्याच्या एका वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. आता एक डोंबिवलीला बँकेत, एक नाशिकला घरांच्या अंतर्गत सजावटीच्या कामात, एक सांगलीला स्वतःची रक्त-लघवी तपासणीची लॅब चालवते आणि मी पुण्यातच. लग्नं, मुंजी, आणि अलीकडे कुणाकुणाच्या आईवडिलांचे दिवस, एवढ्याच निमित्तानं भेटी व्हायच्या. डोंगर, धबधबा, समुद्र यातलं आम्हाला काही नको होतं. फिरायला रस्ते हवे होते, खायला काहीतरी हवं होतं आणि बसायला कट्टा. म्हणजे शहरच.

इंदूर कुणी सुचवलं यावर अजून एकमत नाही. प्रत्येकीला वाटतं तिनंच. पण मला पटलं ते एका जुन्या म्हणीमुळे. उत्तरेत सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची असं म्हणतात. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या पुण्याएवढंच. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, यात वाद नाही. पण हवा कोरडी. ऊन उतरलं की जमीन भराभर निवते, पश्चिमेचा वारा सुटतो आणि रात्री दहाला रस्त्यावर निघालेल्या माणसाला घाम पुसावा लागत नाही. मुंबईच्या मे महिन्यात रात्री अकराला जे होतं, त्याच्या तुलनेत ही चैन. शिवाय या शहराचा सगळ्यात प्रसिद्ध बाजार रात्रीच भरतो. मग उन्हाळ्याला नावं ठेवण्यापेक्षा दिवसच उलटा केला तर?

हे सुचणं सोपं होतं. चार घरांतून चार बायकांना मे महिन्यात बाहेर काढणं हे खरं काम. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. पूर्वी चार महिने मिळायचे, २०२४च्या नोव्हेंबरपासून ती मुदत निम्म्यावर आली. म्हणजे होळीच्या सुमारास सगळ्यांचं ठरलेलं असायला हवं आणि मार्चात तर डोंबिवलीकरच्या बँकेची वर्षअखेर. त्यात लग्नसराई. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदूरला पोचवते, पण मे महिन्यात तिच्या वातानुकूलित डब्यांची तिकिटं काही मिनिटांत प्रतीक्षायादीवर जातात. आठला पाच मिनिटं असताना डोंबिवलीकर आणि मी दोघी दोन फोनवर बसलो. मिळाली. सांगलीकर पुण्याला माझ्याकडे येऊन मग आम्ही मिळून मुंबईला जाणार होतो. नाशिककरनं मात्र गाडीला साफ नकार दिला. नाशिकहून इंदूरला जायला आधी उलटं मुंबईला कशाला येऊ? आग्रा रस्ता तिच्या दारावरून जातो. धुळे, सेंधवा करत रात्रीच्या बसनं ती आमच्या आधी पोचणार होती, आणि पोचलीही.

तिकिटं झाल्यावर घरं. माझ्याकडे कोकणातून आलेल्या हापूसच्या पेट्या नेमक्या त्याच आठवड्यात उघडायच्या होत्या. अढी घातलेली, रोज एकदा हात फिरवून पिकलेलं वर आणि डागी बाजूला काढायचं हे काम सासूबाईंना वाकून जमत नाही आणि घरातल्या पुरुषांना वाकूनही जमत नाही. शेवटी मुलाला एकदा शेजारी बसवून देठाजवळचा वास घ्यायला शिकवलं. सांगलीकरच्या कुरडयांचा चीक गच्चीवर तिच्या जावेनं घालायचा ठरला. डोंबिवलीकरच्या नवऱ्यानं ‘आम्ही काय खायचं?’ असं विचारलं नाही, याचं आम्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. तिला ते कौतुक मुळीच आवडलं नाही.

खरी भांडणं झाली ती ‘एकदा गेलोच आहोत तर’ या चार शब्दांवरून. मराठी माणसाच्या सहलीला लागणारा हा जुनाट रोग आहे. एकदा इंदूरला गेलोच आहोत तर उज्जैन पंचावन्न किलोमीटरवर. महाकाल सोडून यायचं? ओंकारेश्वर दुसरं ज्योतिर्लिंग, तेही हाकेच्या अंतरावर. महेश्वर तर अहिल्याबाईंचं, त्यांनी राज्य केलं ते तिथूनच, शिवाय साड्या. मांडूला रूपमती. नकाशावर बघितलं की सगळं जवळच दिसतं. पण नकाशात ऊन दिसत नाही. महेश्वर आणि ओंकारेश्वर नर्मदेकाठी आहेत, म्हणजे माळव्याचं पठार संपवून घाट उतरून निमाडात जायचं. निमाड म्हणजे खोलगट भाग. मे महिन्यात माळवा तापतो तेव्हा निमाड भाजतो. घाटावरच्या दगडी पायऱ्यांवर सकाळी दहानंतर अनवाणी पाय टेकवून दाखवा, असं मी सांगलीकरला म्हटलं. ती म्हणाली, ‘अगं, पण साड्या दुकानात असतात ना, सावलीत!’

यातून सोडवलं नाशिककरनं. तिला कागदावर आराखडा काढल्याशिवाय काही कळत नाही, असं तीच म्हणते. तिनं वहीच्या पानावर घड्याळाची तबकडी काढली आणि सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंतचा सगळा भाग आडव्या रेघांनी भरून टाकला. त्याच्यावर लिहिलं, ‘इथे काही लिहायचं नाही.’ मग उरलेल्या पांढऱ्या भागात जे बसेल ते बसवायचं. सकाळ, संध्याकाळ आणि एक लांबलचक रात्र. त्या पानाचा फोटो आम्हा सगळ्यांच्या फोनवर आला आणि मांडू, ओंकारेश्वर, महेश्वर आपोआप गळाले. उज्जैनपुरती सांगलीकर आणि डोंबिवलीकर हटून बसल्या. तर तुम्ही दोघी जा, आम्ही दोघी झोपतो, असं ठरलं. मैत्रिणींनी सगळं एकत्रच केलं पाहिजे ही समजूत विशीतली होती. पन्नाशीच्या उंबऱ्यावर तिचा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही.

मुक्कामाची खोली ठरवताना उन्हाळ्यात एकच गोष्ट आधी विचारायची: खोली गच्चीखाली आहे का. आम्ही विचारलं होतं, नाही असं उत्तरही मिळालं होतं. प्रत्यक्षात खोल्या निघाल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री बारापर्यंत डोक्यावर उष्णता सोडत राहते, एसी नुसता धापा टाकतो. व्यवस्थापक म्हणाला, ‘मॅडम, वरून शहर छान दिसतं.’ नाशिककरनं हात वर करून छताला तळवा लावायचा प्रयत्न केला, तो पोचला नाही, मग खुर्चीवर चढून लावला आणि त्याला म्हणाली, ‘भैया, तुम्ही लावून बघा.’ तासाभरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. त्यांच्या खिडक्यांतून समोरची भिंत दिसायची. आम्हाला तीच हवी होती.

सकाळी सहाला शहर झाडून पुसून तयार असतं. २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं, हे वाचून माहीत होतं, आणि सरकारी क्रमांकांवर माझा स्वभावतःच विश्वास कमी. पण पहाटे रस्त्यावर उतरल्यावर पायाखाली कागदाचा कपटा दिसेना तेव्हा मुकाट्यानं मान्य केलं. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते, तिला नुसते ओला-सुका असे दोन नाही तर सहा कप्पे असतात आणि बाई घरातून येऊन डायपर वेगळा, बॅटरी वेगळी टाकून जाते. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना २०२२मध्ये सुरू झाला, दिवसाला साडेपाचशे टन कचरा पचवण्याच्या क्षमतेचा. त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. डोंबिवलीकर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमच्याकडे गाडी येते तेव्हा गाणं नसतं, वास असतो.’

नाश्ता म्हणजे पोहे. पुण्यातल्या माणसाला पोह्यांबद्दल कुणी काही शिकवू नये, या ताठ्यात मी गेले होते. इथे पोहे कढईत परतत ठेवत नाहीत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून वाफेवर धरतात. त्यामुळे ते सकाळभर मऊ राहतात आणि तेलकट होत नाहीत. बडीशेप आणि साखर आत. वर कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण नावाचा चिमटीभर मसाला, जिरं, आमचूर, काळं मीठ, सुंठ आणि आणखी बरंच काही असलेला. शेजारी जिलबी. पोह्यांवर उसळ ओतून देतात ते उसळ-पोहे तर घरच्याच मिसळीच्या नात्यातले वाटले. पोहेवाला गिऱ्हाइकाला ‘भिया’ म्हणत होता, गिऱ्हाईक त्याला ‘भिया’ म्हणत होतं, आणि आम्हाला काय म्हणावं हे न कळून तो ‘दीदी’वर थांबला.

राजवाडा सकाळी बाहेरून बघावा. सात मजल्यांचा दरवाजा, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. काम १७४७मध्ये मल्हारराव होळकरांनी सुरू केलं. वाडा जळण्याची जणू सवयच लागलेला. १८०१मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटलं तेव्हा जळला. १९८४च्या दंगलीत मागचा भाग पुन्हा राख झाला आणि तो जुन्या पद्धतीनं उभा करायला २००७ साल उजाडलं. आत मल्हारी मार्तंडाचं देवघर आहे. जेजुरीचा खंडोबा इतक्या लांब, इतक्या आगींमधून टिकून बसलेला बघून सांगलीकरनं पर्समधून भंडाऱ्याची पुडी काढली. ही पुडी तिच्या पर्समध्ये कायम असते का, हे मी विचारलं नाही.

लालबाग महालाचं फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकासारखं आहे. आत गेल्यावर इंग्रजांना खूश करायला केवढा खर्च केला असेल याचाच हिशोब डोक्यात येतो. नाशिककरला त्यापेक्षा माणिकबाग बघायची होती. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेसिअस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून बांधून घेतलेला, तेव्हाच्या युरोपातही नवा वाटावा असा बंगला. ब्रांकुसीची शिल्पं त्यांनी घेतली होती, त्याच्याकडून इंदुरात एक मंदिरही बांधून घ्यायचं होतं; ते राहूनच गेलं. आतलं फर्निचर १९८०मध्ये लिलावात गेलं आणि वास्तूत करवसुली खात्याचं कार्यालय आलं. आम्ही रिक्षातून फाटकापुढून गेलो, एवढंच. नाशिककर म्हणाली, ‘चालेल. निदान पाडला तरी नाही.’

साडेअकराला परत. आणि मग ती रेघा मारलेली दुपार. खरं सांगायचं तर सहल झाली ती दुपारीच. पडदे ओढलेले, चौघी एकाच खोलीत, दोघी पलंगावर आणि दोघी थंड फरशीवर चादर टाकून. कुणाच्या मुलाचं नोकरीत बस्तान बसत नाही, कुणाचं गर्भाशय काढायला सांगितलंय, कुणी नवऱ्याशी गेल्या वर्षभरात फक्त किराण्याबद्दल बोललीय. बाहेर फिरताना या गोष्टी निघत नाहीत, कारण बाहेर सतत काहीतरी बघायचं असतं. मध्येच एखादी झोपून जायची, उरलेल्या आवाज खाली आणून बोलत राहायच्या, ती उठली की ‘कुठवर आलं?’ म्हणायची.

संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, कान्ह नदीच्या काठावर. मग पायी रामबागेकडे. इथे दारांवर मराठी आडनावांच्या पाट्या, अंगणात तुळशीवृंदावन आणि ओट्यावर बसलेल्या आजी. त्यांच्यातल्या एकीनं आम्हाला हाक मारून थांबवलं. ‘पुण्याहून आल्या का तुम्ही? इतक्या उन्हात? बसा न जरा, पाणी घेऊन येते मी.’ माठातलं पाणी आणि गुळाचा खडा आला. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दरबारी कारकून. त्या स्वतः महाराष्ट्रात राहिल्या नाहीत कधी, पण सानंद न्यासाच्या कृपेनं मराठी नाटकं आमच्यापेक्षा जास्त बघितलेली. पुण्यातलं कुठलं नाट्यगृह आता दुरुस्तीला निघालंय तेही त्यांना ठाऊक. लता मंगेशकर १९२९ साली इथेच, शीख मोहल्ल्यात जन्मल्या. त्या जागी आता कापडाचं दुकान आहे, ‘जाऊ नका, निराश व्हाल,’ असं त्यांनीच बजावलं. डोंबिवलीकरला क्रिकेटचं वेड. तिनं होळकर संघाचा विषय काढला तर आजींनी सी. के. नायडूंपासून सुरुवात केली. होळकर संघानं चार वेळा रणजी जिंकली होती. पुढे संघ गेला, राज्य बदललं, नाव बदललं. मग २०२२च्या जूनमध्ये मध्य प्रदेशानं अंतिम सामन्यात मुंबईला हरवून रणजी आणली. प्रशिक्षक कोण, तर मुंबईचेच चंद्रकांत पंडित. हे वाक्य आजींनी मुद्दाम सावकाश उच्चारलं. डोंबिवलीकरनं पाण्याचा दुसरा पेला मागितला.

आणि मग रात्र. सराफा दिवसा खरोखरच सोन्या-चांदीची पेठ आहे. रात्री नऊच्या सुमारास शटरं उतरायला लागतात आणि त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर, त्याच ओट्यांवर कढया चढतात. दुकानदारांनीच पूर्वी खाऊवाल्यांना बसू दिलं म्हणतात, रात्री पेठेत जाग राहिली की चोरांची भीती नाही म्हणून. खरं-खोटं माहीत नाही, पण व्यवहार दोन्ही बाजूंनी शहाणपणाचा आहे. अकराला गर्दी टिपेला जाते. लहान मुलं कडेवर, आजोबा काठी टेकत, नवी लग्नं झालेली जोडपी, सगळे खाताहेत आणि वेळेचं भान कुणालाच नाही.

जोशींच्या दहीवड्यापुढे आम्ही बराच वेळ उभ्या होतो. द्रोणात वडा, वर घोटलेलं दही ओततात आणि मग तो द्रोण हवेत उंच भिरकावतात. गिरकी घेऊन तो परत हातात येतो, दही एक थेंब सांडत नाही. पण मला त्याहून पुढचं जास्त आवडलं. पाच बोटांच्या एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले धरलेले आणि बोटं एकेक करून सोडत, आधी मीठ, मग मिरी, मग जिरं, असा प्रत्येक मसाला स्वतंत्र पडतो. द्रोण भिरकावणं कुणी सरावानं करेल. एका चिमटीत मसाल्यांचे कप्पे ठेवणं मला स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढूनही जमलेलं नाही.

‘भुट्टे का कीस’ मात्र घरी होण्यासारखा. कोवळं कणीस किसणीवर किसायचं, तुपात जिरं, मोहरी, हिरवी मिरची, त्यात कीस परतायचा, दूध घालून शिजवायचा, वर लिंबू, कोथिंबीर, खोबरं. साबुदाण्याची खिचडी इथे फोडणीत परतलेली नसते. वाफवलेल्या मोकळ्या साबुदाण्यात बटाट्याचा चिवडा, मसाला, लिंबू वरून कालवून देतात. एकादशीला न शोभणारी, पण चवीला फार बरी. खोपरा पॅटिस, मालपुवा, ताटाएवढा जिलेबा, घट्ट शिकंजी जिच्यात लिंबाऐवजी दूध आणि सुका मेवा असतो. गराडू मात्र नव्हता. ते कंद थंडीत येतात. ‘गराडू खायला डिसेंबरात या,’ असं सगळे सांगत होते. डिसेंबरात येणाऱ्यांनी गराडू खावा. आम्ही मे महिन्याचं खाल्लं.

उज्जैनला जायचं होतं त्या रात्री सांगलीकर आणि डोंबिवलीकर सराफ्यात साड्या नेसूनच आल्या. महाकालाची भस्मारती पहाटे चारला, आधी नोंदणी करावी लागते, बायकांना साडी हवी आणि भस्म चढवताना पदर तोंडावर ओढून घ्यावा लागतो. मध्यरात्री इथूनच गाडी सुटणार होती. काठपदराची साडी सांभाळत, दोन्ही कोपर बाहेर काढून, पुढे वाकून रबडी खाणाऱ्या त्या दोघींचा फोटो माझ्याकडे आहे; तो कुणालाही दाखवायचा नाही अशी शपथ घेतलेली आहे. सांगलीकर मधुमेही. स्वतःच्याच लॅबमध्ये दर महिन्याला साखर मोजते, आणि इथे रबडीचे फक्त दोन चमचे मोजून खात होती. डोंबिवलीकरनं शांतपणे उरलेली वाटी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या परतल्या, कपाळावर भस्म, डोळे लाल. पदर ओढायला लावला तेव्हा राग आला आणि तरीही आरती अंगावर आली, असं डोंबिवलीकर म्हणाली आणि झोपली. त्या दिवसाची दुपार लवकर सुरू झाली एवढंच.

खर्चासाठी आम्ही सामायिक पाकीट ठेवलं होतं. प्रत्येकीनं निघताना सारखी रक्कम टाकायची, हिशोब बँकवालीकडे, रिक्षापासून रबडीपर्यंत सगळं त्यातून. प्रत्येक ठिकाणी मोबाइल काढून चार भाग करत बसण्यापेक्षा हे बरं. निदान दहीवडा गरम होत नाही. परतीच्या गाडीत हिशोब झाला. सांगलीकरनं मुद्दा काढला, की गोडाचा भाग तिच्या नावावर धरू नये. डोंबिवलीकरनं वही उघडून दाखवलं: तिनं तो आधीच वेगळा मांडला होता आणि त्यातून सांगलीकरचे दोन चमचे वजा केलेले नव्हते. रतलाम येईपर्यंत यावर चर्चा चालली. शेवटी उरलेल्या पैशांतून रतलामच्या फलाटावर शेवेची पाकिटं घेतली, आणि त्यातलं एक जास्तीचं सांगलीकरला देऊन खातं बंद केलं.